बाबांच्या गाडीची गरारी

आधीच सांगून ठेवते, मी काही भोळीभाबडी बाई नाही. सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून उभा जन्म काढला. अडलेली बाळंतपणं केली, दारू पिऊन दवाखान्यात धिंगाणा घालणाऱ्या नवऱ्यांना पायरीवरूनच हाकललं. मला धक्का बसायचा तर तसंच काहीतरी व्हावं लागतं. आणि बसला कशानं? लोखंडाच्या एका दातेरी चकतीनं. तळहातावर मावेल एवढी चकती! अजून आठवलं की हातातलं काम तसंच राहतं.

गाडी माझ्या बाबांची. जुनी टू-स्ट्रोक, गोलमटोल टाकीची, किक आणि गिअर एकाच दांड्यात. चालू झाली की आधी धूर दिसायचा, मग आवाज ऐकू यायचा. आमचं घर नाकाडोंगरीकडच्या एका खेड्यात. आजोबा मागावर बसायचे आणि बाबा त्या मागावरची, आसपासच्या विणकरांची लुगडी, धोतरं, पंचे घेऊन आठवडी बाजार करायचे. मागची सीट काढून तिथं त्यांनी फळी ठोकली होती आणि फळीवर कापडाचा गठ्ठा. हा एवढा! बाबा गाडीवर बसले की मागून त्यांचं डोकंही दिसायचं नाही. तरी सपाट रस्त्यावर ती गाडी कोणाच्या हाती लागत नव्हती. बाजारातली चिंचेखालची सावलीची जागा कायम बाबांची, कारण बाकीचे कापडवाले पोचायच्या आधी बाबांनी तिथं चादर अंथरलेली असायची. ही फुशारकी आमच्या घरात जेवणाच्या ताटावर वाढली जायची आणि सगळ्यात मोठा घास मी घ्यायची.

मी बाबांची लाडकी. धान कापून झालं की रिकाम्या बांधीत त्यांनी मला ती गाडी शिकवली. त्या काळात, आमच्या त्या खेड्यात! "पोरीले कायले गाडी शिकवता?" असं कोणी म्हटलं की बाबा म्हणायचे, "मायी पोरगी हाये. उद्या विमान शिकंल." मला नर्सिंगला पाठवलं तेही त्यांनीच, सगळ्या भावकीशी भांडून. बाबांबद्दल कोणी वाकडा शब्द काढला तर मी त्याला उभं फाडलं असतं. हे मुद्दाम सांगते आहे, पुढचं कळावं म्हणून.

आणि माय. बाजाराच्या दिवशी पहाटे माय बाबांना वाटेला लावायला जायची. गावाबाहेर एक मोठा चढ आहे, आम्ही त्याला टेकाड म्हणतो. त्याच्या माथ्यापर्यंत जायची आणि मग परत येऊन चुलीला लागायची. मी तेव्हा लहान. लहान भाऊ झोळीत, मी झोळीची दोरी ओढत बसलेली. माय यायची ती घामाघूम, पण मला वाटायचं चालून आली म्हणून. गावातल्या बाया तिला चिडवायच्या, "अवं, नवऱ्याले एवढं लांब सोडाले जाते, घरी परत येते तरी कायले!" माय नुसती हसायची. हे मी माझ्या नवऱ्याला लग्नानंतर कितीदा ऐकवलं असेल! "माझी माय बाबांना टेकाडापर्यंत सोडायची. तुम्ही मला कधी फाटकापर्यंत तरी सोडलं का?"

बाबा गेले आणि गाडी भावाच्या सपरीत पोत्याखाली पडून राहिली. सीटवर कोंबडी अंडी घालायची. भावाला ती भंगारात द्यायची होती आणि मी दर वेळी त्याच्या अंगावर धावून जायची. तेवढ्यात मागच्या वर्षी मावशीनं खाट धरली.

मावशी म्हणजे मायची मोठी बहीण, एकुलती एक. बपेऱ्याला असते. उठणं-बसणं बंद झालं, डोळे उघडले की मायचं नाव घ्यायची. आणि मायला गाडी लागते. साधी लागत नाही. बस असो की कार, दार लागलं की तिच्या पोटात ढवळायला लागतं आणि मग आतडी बाहेर येतील अशी ओकारी. भाच्यानं एकदा कारनं न्यायचा प्रयत्न केला तर अर्ध्या वाटेतून परत आणावं लागलं, दोन दिवस सलाईन. म्हटलं, "माय, माझ्या स्कुटीवर बस, मोकळ्या हवेत काही होत नाही." तर म्हातारी म्हणते कशी, "नेत असशीन तं तुया बाबाच्या गाडीवर ने. जलमभर त्या गाडीच्या मागं मागं केलं, वर कधी बसलीच नाही. एकदा बसून पाहू दे."

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. खरं होतं ते. मागं कायम गठ्ठा, मायला जागाच नव्हती. मी म्हटलं, काहीही होवो, मावशीचे डोळे उघडे आहेत तोवर मायला बाबांच्या गाडीवर बसवून बपेऱ्याला नेईन. टेम्पोत घालून गाडी पवनीला आणली, माझ्या घरी. नवरा म्हणाला, "तुझं डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, "नाही. बाजूला सरका."

पवनीतला माझा मिस्त्री हा एक नमुना. त्याच्या दोन्ही पोरांची बाळंतपणं माझ्या हातची, त्यामुळे मला नाही म्हणायची त्याची टाप नव्हती. पण तोंड अखंड चालू. गाडी पाहून तो असा खूश झाला की त्याच्या दुकानातली बाकीची गिऱ्हाईकं बोंबलत बसली. कार्बोरेटर उघडला तर आत वाळून चिकटलेला पेट्रोलचा गाळ. तो साफ केला, सुई एक खाच वर घेतली. पॉईंट घासून गॅप लावला, टायमिंग बसवलं. सायलेन्सरची जाळी काजळीनं बुजलेली, ती त्यानं दुकानामागं तुसाच्या आगीत टाकून लालभडक केली आणि झटकली. मी रोज संध्याकाळी जाऊन त्याच्या उरावर बसायची.

"सिस्टर," तो म्हणाला, "हेड थोडंसं घासू, जाळी जराशी मोकळी करू. मंग पाहा, गाडी कशी बुंगाट पळते ते!"

"माझी माय ऐंशीला टेकली," मी म्हटलं. "तिला पळवायचं नाही, पोचवायचं आहे. हेडला हात लावलास तर बघ."

तो हिरमुसला, पण ऐकलं. मग त्यानं इंजिनाच्या बाजूचं झाकण काढलं आणि ओरडलाच, "अरे बापा! सिस्टर, हे गरारी कंपनीची नाही!"

गरारी म्हणजे चैन ज्या दातेरी चकतीवर फिरते ती. एक मागच्या चाकाला, एक पुढं इंजिनाला. त्यानं मला दाखवलं. पुढची गरारी मोठी असली तर गाडी पळते, पण चढावर दम तोडते. लहान असली तर सपाटीवर कोकलते, वेग धरत नाही, पण चढावर बैलासारखी ओढते. बाबांनी कंपनीची काढून दोन दात मोठी बसवली होती.

"म्हणून कोणाच्या हाती लागत नव्हती!" मी म्हटलं. मला एवढा आनंद झाला! गेलेल्या माणसाची एक लबाडी सापडली म्हणून मी त्या दुकानात हसत उभी. बाबा असे शौकीन!

तेवढ्यात त्यानं गाडीचा पान्यांचा डबा उपडा केला. गंजके पाने, एक प्लग, आणि तळाशी हिरव्या काठाच्या चिंधीत गुंडाळलेलं काहीतरी. चिंधी ग्रीसनं ओथंबलेली. आत लहान गरारी. एकही दात झिजलेला नव्हता.

"हे पाहा, कंपनीची. नवी कोरी. तुमच्या बाबांनं जपून ठेवली."

"बदलायला किती वेळ लागतो?" मी सहज विचारलं.

"कायचा वेळ? चहा सांगा. चहा येईपर्यंत होते."

माझ्या मनात, खरं सांगते, मोठीच ठेवायची होती. बाबांची गाडी बाबांसारखीच पळावी. पण मिस्त्रीनं मला मागं बसवून नदीच्या पुलाकडच्या चढावर नेलं आणि मधेच गाडी धापा टाकून बंद पडली. "मागं माणूस असंल तं हे गाडी असंच करंल," तो म्हणाला. मग काय, लहान बसवली. चैन ढिली पडली म्हणून एक कडी काढली. मोठी गरारी त्यानं त्याच चिंधीत गुंडाळून डब्यात ठेवली. आणि खरोखर, चहा आला तेव्हा तो हात पुसत होता.

परत त्याच चढावर गेलो. चढाचा पत्ताही लागला नाही. पण सपाटीवर आले तर इंजिन नुसतं ओरडतंय आणि सायकलवाला जरा जोर लावून पुढं जाईल असा वेग. मी थोडी खट्टूच झाले.

मागच्या बाजूला गादीवाल्याकडून रुंद सीट शिवून घेतली, पाय ठेवायला पट्टी लावली, लुगडं चाकात जाऊ नये म्हणून जाळी लावली. आणि गाडी परत टेम्पोत घालून गावी आणली. सकाळी माय न्हाऊन तयार. नवं लुगडं, कपाळाला गंध, हातात मावशीसाठी चिवड्याची पिशवी. भावानं हाताला धरून एका बाजूनं बसवली. मी किक मारली आणि तो जुना धूर, तो वास! माय मागून खुदकन हसली. तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि आम्ही निघालो. बांध्यांमध्ये लाखोळीचं पीक हिरवंगार होतं, तळ्यावरून गार वारा येत होता, आणि मायला ओकारी नाही, मळमळ नाही, काही नाही. "मस्त लागते वं!" ती म्हणाली. मला वाटलं, जिंकली मी.

टेकाड आलं. मी गिअर पाडला, तोच मायनं पाठीवर थापा मारायला सुरुवात केली. "थांब, थांब! उतरू दे!"

मला वाटलं, तिला बाजूला जायचं असेल. थांबले. माय सावकाश उतरली. पिशवी आरशाला अडकवली. पदर कमरेला खोचला, गाडीच्या मागं गेली, पाय रोवले, खांदा खाली घेतला आणि दोन्ही तळवे मागच्या लोखंडी दांडीवर टेकवले. ऐंशीची म्हातारी! आणि हे सगळं तिनं न बघता केलं, भाकरी थापावी तसं.

"माय! काय करून राहिली तू?"

"तू पुढं पाह्य. मी धकलतो. मी 'हं' म्हणलं का क्लच सोडजो. आधी सोडशीन तं मरते गाडी."

मी मान वळवून नुसती बघत राहिले.

"कोणी सांगितलं तुला ढकलायला?"

"कोन सांगंल? नेहमीचंच तं होय. गठ्ठा घेऊन हे गाडी हा चढ कधी चढलीच नाही."

मी गाडी स्टँडला लावली. "तू बाबांना सोडायला यायचीस ना?"

"हो मंग. वरपर्यंत सोडो. वर पोचली का ते जायचे, मी वापस यायची."

"दर बाजाराला?"

"दर बाजाराले. पावसाळ्यात तं निरा चिखल, दोनदा घसरून पडली मी."

मी विचारू नये ते विचारलं. नर्सची जात, तोंडात आलं. "भाऊ पोटात होता तेव्हा?"

"तवाही." तिनं वर माथ्याजवळच्या मोहाच्या झाडाकडे हात केला. "तो झाल्यावर सव्वा महिना बी नव्हता झाला. तिथं, त्या मोहापाशी पयल्यांदा मायं अंग खाली आलं. मी लुगडं दाबून तशीच घरी आली."

देवा रे देवा! मायचं अंग बाहेर यायचं, कित्येक वर्षं यायचं, शेवटी भंडाऱ्याला नेऊन गर्भपिशवी काढली. मी तिच्या उशाशी बसले होते. डॉक्टरांना मीच सांगितलं होतं, बाळंतपणं लागोपाठची, शेतातली रोवणी, त्यानं झालं असेल. गावोगावी बायांना ओरडून सांगत फिरले, सव्वा महिना जड काम करू नका गं, अंग खाली येतं. आणि माझी माय, ओली बाळंतीण, गठ्ठा लादलेली मोटरसायकल या चढावर ढकलत होती, आणि मी घरी झोळीची दोरी ओढत, माझी माय बाबांना सोडायला गेली म्हणून मिरवत होते!

आणि मग दुसरा घाव बसला. चहा येईपर्यंत. चहा येईपर्यंत होते, असं तो मिस्त्री म्हणाला होता.

मी ओरडलेच. त्या रिकाम्या रस्त्यावर, झाडांना ऐकू जाईल असं. "अगं माय, ती ढकलायची गरजच नव्हती! गरारी बदलली की झालं असतं! डब्यात होती ती! त्याच्याजवळ होती!" बाबांना मी आयुष्यात पहिल्यांदा 'तो' म्हटलं.

मायला काही कळेना. मी डबा उघडला, चिंधी सोडली आणि मोठी गरारी तिच्या हातात दिली. सांगितलं. ही मोठी, त्यांनी बसवली होती, पळायला. लहान तेव्हापासून डब्यात. आता लहान बसवली आहे.

मायनं ती चकती हातात तोलली. एका एका दातावरून बोट फिरवलं. ग्रीस तिच्या बोटांना लागलं.

"एवढीशी?"

"एवढीशी."

"आन् लहान असती तं धकलावं नसतं लागलं?"

"नाही."

मग तिनं चिंधी हातात घेतली, उलटून पाहिली. "हा मायाच लुगड्याचा काठ होय. किती शोधला होता मी." मी रडत होते, शिव्या देत होते, काय काय बोलले ते आठवत नाही. मायनं गरारी चिंधीत बांधली, कमरेला खोचली आणि सीटवर चढायला लागली. "चाल. तुयी मावशी वाट पाहून राहिली."

मी किक मारली. पहिला गिअर, हळूच क्लच सोडला. गाडी निघाली, चढू लागली. इंजिन कोकलत होतं, पण कुठंही अडलं नाही. मायनं दोन्ही हातांनी माझी कंबर आवळून धरली होती, तिला वाटत होतं गाडी आता मरेल, आता मरेल. मोहाचं झाड आलं, गेलं. माथ्यावर ती मागं वळून खाली बघत असल्याचं मला आरशात दिसलं. मी थांबवू का विचारलं. ती म्हणाली, "कायले? चाल."

बपेऱ्याला मावशी खाटेवर, नुसती हाडं. पण मायला पाहिल्याबरोबर डोळे लखलखले. दोघी बराच वेळ एकमेकींचे हात धरून बसल्या. मग मावशीनं विचारलं, "कायच्यावर आली?"

"त्याईच्याच गाडीवर."

"बाई गं! या वयात?" मावशीनं उठायचा प्रयत्न केला. "आन् टेकाडावर? किती धकलावं लागलं?"

म्हणजे मावशीला माहीत होतं. बपेऱ्यात बसलेल्या मावशीला माहीत होतं, आणि शिकलेल्या, भांडखोर, बाबांच्या लाडक्या पोरीला नव्हतं! मी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिले.

"नाही धकलली," माय म्हणाली. "बसून आली."

"बसून?"

"बसून. वरपर्यंत." आणि तिनं कमरेची चिंधी सोडून ती गरारी मावशीच्या हातावर ठेवली. मी सांगितलेलं सगळं तिनं मावशीला सांगितलं. लहान कोणती, मोठी कोणती, डबा, चहा येईपर्यंतचं काम. एक शब्द चुकला नाही.

मावशी त्या लोखंडाकडे बघत राहिली. मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "तू तं शिकलेली हायेस, बाई. सांग मले. घरात होती, तं तुया बाबानं काहून नाही बसवली?"

मी काय सांगणार होते? चिंचेखालची सावली सांगू?

माय मावशीच्या अंगावरची गोधडी सारखी करत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "कायले बसवतीन ते? मी होती ना."